पोस्टर लावलं की रात्रीची गाडी पकडू?

अक्का, नमस्कार.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या गालाच्या आतल्या पेशी घेऊन त्यांतले मायक्रोन्युक्लियस, म्हणजे डीएनएला इजा झाली की मुख्य केंद्रकाच्या बाजूला दिसणारे छोटे ठिपके, मोजते. माझ्या आईनंही वीस वर्षं विड्या वळल्या. पुढच्या महिन्यात बंगळूरला जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीची, म्हणजे डीएनएला कशानं इजा होते या विषयाची, तीन दिवसांची परिषद आहे. माझं पोस्टर पहिल्या दिवशी. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला 'स्पेशल इंटरेस्ट ग्रुप'च्या बैठका दिल्यात. सकाळच्या वेळेला दोन गट एकदमच आहेत, एक डीएनए-दुरुस्तीचा आणि एक माणसांवरच्या पाहणीचा. तिथं बोलावणं लागतं, की कुणीही जाऊन बसायचं? सर म्हणतात, त्या बैठका मोठ्या लोकांच्या, तू पोस्टर लावून ये. दादा म्हणतो, तीन दिवस लॉजचं भाडं कशाला, रात्रीची गाडी पकड. मी मराठी शाळेतली. इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते. कन्नड बाजारापुरतं. गेल्या वर्षी धारवाडला एका चर्चासत्रात एक बाई माझ्याशी बोलायला आल्या, तर मी नुसतं हसले आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ती गेलेच.

आणखी एक. माझी आणि ज्युनियर मुलीची मोजणी जुळत नाही. पेशी पसरलेल्या एका काचेवर माझे चार आले, तिचे नऊ. पोस्टरवर माझेच आकडे आहेत.

जाऊ की नको?

— एक वाचक


बाळ,

तुझ्या पत्रातली शेवटची तीन वाक्यं मला आधी हवी होती. सर, दादा, इंग्रजी, लॉजचं भाडं हे सगळं खरं असेल, पण तुला त्या खोलीत जायची भीती वाटते ती चार आणि नऊमुळं. कुणीतरी विचारेल, मोजणी दोघींनी केली काय? आणि तुला खोटं बोलता येत नाही. हे मी ओळखलं, कारण मी स्वतः त्या खुर्चीवर बसून आलेय. ते सांगतेच. आधी तुझ्या सोप्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते.

बोलावणं लागत नाही. ज्यानं परिषदेची फी भरली तो कुठल्याही इंटरेस्ट ग्रुपमध्ये जाऊन बसू शकतो. कार्यकारिणीची सभा वेगळी, तिथं फक्त निवडून आलेली माणसं असतात आणि पत्रिकेत तसं लिहिलेलं असतं. तुझ्या पत्रिकेतल्या त्या बैठका उघड्या आहेत. आत वीस-तीस माणसं असतील, खुर्च्या गोल नाहीतर आडव्यातिडव्या, कुणाच्या हातात इडलीची प्लेट, कुणाच्या हातात कॉफी. एक-दोघं गटप्रमुख असतात. बहुतेक वेळा दोन-तीन छोटी भाषणं, त्यांतलं एखादं तुझ्यासारख्या विद्यार्थ्याचं. मग पुढच्या वर्षी कुठल्या विषयावर सत्र मागायचं यावर वाद, पुढचा गटप्रमुख कोण यावर थोडी ढकलाढकली, आणि शेवटी एक कागद फिरतो त्यावर नाव नि ईमेल लिहायचं. झालं. तासाभराचा मामला.

हे गट निघाले कशाला, ते कळलं की भीती निम्मी होते. १९६९ साली अमेरिकेत एन्व्हायर्नमेंटल म्युटाजेन सोसायटी निघाली (म्युटाजेन म्हणजे डीएनएत बदल घडवणारी गोष्ट), आता तिच्या नावात जीनोमिक्सही आलंय. तेव्हापासून या विषयात बुरशीवाले, माशीवाले, उंदीरवाले, किरणोत्सर्गवाले, औषध कंपन्यांतले, सरकारी नियम लिहिणारे असे सगळे एका मांडवाखाली आले. आमचा प्रत्येकाचा डीएनए तोच, पण भाषा निराळी. ब्रूस एम्सच्या साल्मोनेला जंतूंवरच्या चाचणीवर आयुष्य काढलेल्या माणसाला गालाच्या पेशीतलं काय कळणार? मोठ्या हॉलमध्ये पंधरा मिनिटांचं भाषण आणि दोन प्रश्न, तेवढ्यात कुणाचं काही अडलेलं सुटत नाही. म्हणून एकाच दुखण्याची माणसं बाजूला बसू लागली. मोठ्या हॉलमध्ये माणसं जे जमलं ते सांगतात. या खोलीत जे जमलं नाही ते बोलतात. तुझ्याजवळ चार आणि नऊ आहेत, म्हणजे तुझ्याकडं या खोलीचाच माल आहे.

आता दोनपैकी कुठला गट? यात विचार करण्यासारखं काही नाही. माणसांवरच्या पाहणीचा. डीएनए-दुरुस्तीच्या गटात कुणी तुझ्या सरांच्या ओळखीचं असेल तर त्यांना चहाच्या वेळी भेट. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जो गट असेल तिथं जाऊन नुसती बस, तोंड उघडू नकोस. खोली कशी चालते ते बघायला.

आता चार आणि नऊ.

पहिला प्रश्न तुला मी विचारते, तिथं गेल्यावर तोच विचारला जाईल. दोघींनी त्याच पेशी मोजल्या, की एकाच काचेवरच्या वेगवेगळ्या दोन हजार? वेगवेगळ्या मोजल्या असतील तर चार आणि नऊ हा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, बाई! दोन हजारांत मोजक्याच सापडणाऱ्या गोष्टीचं तसंच असतं. तांदळातले खडे दोघींनी वेगवेगळ्या सुपांतून वेचले तर सारखे निघतील काय? पण प्रत्येक काचेवर तिचे जास्त आणि तुझे कमी असं चालू असेल, तर तो योगायोग नव्हे. मग तुम्हा दोघींचे डोळे दोन वेगळ्या गोष्टींना मायक्रोन्युक्लियस म्हणताहेत.

कुठल्या, ते मला अंदाजानं सांगता येईल. वखारीत दहा-दहा वर्षं धूळ खाल्लेल्या बाईच्या गालात मरायला टेकलेल्या पेशी पुष्कळ असतात. त्यांचं केंद्रक फुटून तुकडे पडलेले असतात. नवी मुलगी त्यातला प्रत्येक गोल तुकडा मोजते. ते मोजायचे नाहीत. ज्या पेशीचं मुख्य केंद्रक धड आहे तीच घ्यायची, आणि बाजूचा ठिपका केंद्रकाच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते एक सोळांश एवढा, रंग नि पोत केंद्रकासारखाच, आणि फोकस फिरवला की दोन्ही एकाच वेळी स्पष्ट व्हायला हवेत. फोकस फिरवल्यावर एक आधी चमकतो आणि एक मागाहून, तर तो वर पडलेला कचरा.

आणि रंग कुठला वापरतेस ते तू लिहिलंच नाहीस. इथं माझी गोष्ट येते.

१९८०च्या दशकाच्या शेवटी मी एका कॉलेजात शिकवत होते आणि फावल्या वेळात हेच काम करत होते. त्याच दशकाच्या सुरुवातीला हान्स स्टिक आणि मिरियम रोझिन यांचे व्हँकुव्हरचे पेपर आले होते, पान-सुपारी खाणाऱ्यांच्या गालातल्या मायक्रोन्युक्लियसवरचे. आम्हाला वाटलं, एवढंच ना? लाकडी पट्टीनं गाल खरवडायचा, काचेवर पसरायचा, रंगवायचा, मोजायचा. गीम्सा रंग कॉलेजात बाटलीभर होता. दुसरी रीत फॉयल्गेनची, म्हणजे आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये वेळ बघून ठेवा, मग शिफचं द्रावण ताजं करा, ते खराब झालं की फेका. कोण करतं? मी गीम्सात वर्षभर काचा रंगवल्या. आकडे इतके छान आले की मला रात्री झोप येईना.

मग एका परिषदेत संध्याकाळी अशाच एका छोट्या बैठकीला बसले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "रंग कुठला?" मी तोऱ्यात म्हटलं, गीम्सा. ते काही बोलले नाहीत. पिशवीत काचांची पेटी आहे काय, म्हणून विचारलं. होती. शेजारच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप होता. त्यांनी तिसरीच काच उचलली, दोन मिनिटं बघितली आणि मला खुर्ची दिली. "आता तुम्ही फोकस वरखाली करा." मी केला. माझा लाडका मायक्रोन्युक्लियस केंद्रक दिसायच्या आधीच चकाकून गेला. केराटिनचा, म्हणजे कातडीतल्या चिवट प्रथिनाचा, कण. पुढच्या पेशीत आणखी एक. तिच्या पुढच्या पेशीत ज्याला मी मायक्रोन्युक्लियस म्हटलं होतं त्याच्या शेजारी तस्सेच आठ-दहा ठिपके रांगेनं बसलेले. जंतू, सरळसरळ. गीम्सा सगळ्यालाच जांभळं करतो, डीएनए असो की तोंडातला कचरा असो. फॉयल्गेन फक्त डीएनएला रंगवतो, म्हणून तो कटकटीचा आणि म्हणूनच तो हवा.

वर्षाचं काम गेलं. रडले की, मुक्कामाच्या खोलीत. पण ते आकडे छापून आले असते तर? त्या गृहस्थांनी भर हॉलमध्ये तो प्रश्न विचारला असता तर मी पुन्हा परिषदेला गेलेच नसते. बैठक पाच-पंचवीस माणसांची होती म्हणून तो प्रश्न मला सोसला.

माझ्यासारख्या चुका एकटीच्या नव्हत्या, हे पुढं कळलं. १९९७ साली मायकेल फेनेक आणि इतरांनी 'ह्यूमन मायक्रोन्युक्लियस' प्रकल्प सुरू केला. त्यात रक्तातल्या पेशींच्या त्याच काचा वेगवेगळ्या देशांतल्या तीसहून अधिक प्रयोगशाळांत फिरवल्या. सगळ्या जाणत्या प्रयोगशाळा होत्या, आणि आकड्यांत फरक आला. मग गालाच्या पेशींसाठीही तसाच प्रकल्प निघाला. म्हणजे तुझं चार-नऊ हे या विषयातलं जुनंच दुखणं आहे. त्या खोलीतला एकही माणूस त्याला हसणार नाही. हसला तर समज की त्यानं स्वतः कधी काच मोजली नाही.

तर जाण्याआधी एवढं कर. दहा काचा काढ, तिसऱ्या कुणाकडून त्यांची नावं झाकून घे, आणि तू नि ती मुलगी दोघींनी वेगवेगळ्या बसून मोजा. दोघींचे आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिही. मग पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ घाल, दोन मोजणाऱ्यांत इतका फरक आला. छापून झालं असेल तर पांढरी पट्टी चिकटव. मग तुला कुणी पकडणार नाही, कारण पकडण्यासारखं तूच सांगून टाकलंस. आणि ज्या पेशीवर तुमचं भांडण आहे तिचे दोन फोटो फोनमध्ये घे.

हे फोटो तुझ्या इंग्रजीचंही औषध आहे. पाठ केलेलं भाषण करू नकोस. गटप्रमुख विचारतील कुणाला काही मांडायचंय काय, तेव्हा हात वर कर, फोटो पुढं धर आणि म्हण, ही पेशी तुम्ही मोजाल काय? एवढं वाक्य तुला तिन्ही भाषांत येतं. पुढची दहा मिनिटं ते आपसात भांडतील, तू ऐक. भाषेचा बाऊ आपण बेळगाव-निपाणीकडच्यांनी करायचा म्हणजे कमालच. आपल्या बाजारात कन्नडमध्ये भाव करतात, मराठीत उधारी मागतात आणि हिंदीत भांडतात, ते पण एका दमात. तिथंही तेच कर. धारवाडच्या त्या बाई पुन्हा दिसल्या तर स्वतःहून जा आणि सांग, गेल्या वर्षी मी घाबरून पळाले होते. त्या तुला शेजारी बसवून घेतील, बघच.

आता एक गोष्ट जी त्या खोलीत तुझ्याशिवाय फार थोड्यांना ठाऊक असेल. मिश्री.

तुझ्या प्रश्नावलीत 'तंबाखू खाता काय' असं विचारलं असशील. आपल्याकडची बाई म्हणते, नाही. आणि ती खोटं बोलत नाही. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा, सकाळी परसात बसून बोटानं दातांना लावायचा. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. सासूसमोर तर ती कबूलही होणार नाही. आता तू वखारीतल्या बायकांची तुलना ज्या 'तंबाखू नसलेल्या' बायकांशी केलीस, त्यांतल्या किती जणींच्या कोनाड्यात मिश्रीची डबी आहे? असतील तर तुझ्या दोन गटांतला फरक पुसला जाणार, आणि तू म्हणशील वखारीच्या धुळीनं काही होत नाही. हे अंगाशी येईल. उलट वखारीतल्याच बायका जास्त मिश्री लावत असतील, तर फरक धुळीमुळं की मिश्रीमुळं हे सांगता येणार नाही. तेही अंगाशी येईल.

गालाची कातडी झपाट्यानं बदलते. आज वर दिसणारी पेशी साधारण एक ते तीन आठवड्यांपूर्वी तळाच्या थरात विभागलेली असते. म्हणजे 'आयुष्यात कधी' असं विचारून उपयोग नाही, 'या महिन्यात रोज किती वेळा' हे हवं. हे प्रश्न इंग्रजी फॉर्मवर टिक करून सुटत नाहीत. आईला बरोबर घे. ती विचारेल, "डबी कुठं ठेवतीस गं?" आणि उत्तर आपोआप येईल.

हे तू त्या खोलीत सांगितलंस, फक्त एवढंच सांगितलंस, तरी तुझं तिथं बसणं वसूल. विडीवाल्या बायकांवर अभ्यास बऱ्याच ठिकाणी झालेत. पण कोनाड्यातली डबी बघणारी माणसं त्यात थोडी. मोठ्या प्रयोगशाळेतला माणूस पहाटे चुलीपाशी काय चालतं ते कुठून आणणार?

आणि एक प्रश्न तू तिथं विचारच, माझ्यासाठी म्हणून विचार. गाल खरवडताना बायका विचारत असतील, "माझा काय आला गं?" काय सांगतेस त्यांना? मायक्रोन्युक्लियस जास्त असलेल्या गटात पुढं कॅन्सर जास्त होतो, हे रक्ताच्या पेशींबाबत दिसलंय. २००७ साली दहा देशांतल्या साडेसहा हजारांवर माणसांचा हिशोब एकत्र करून ते मांडलं गेलं. पण तो गटाचा हिशोब. अमकीच्या काचेवर नऊ आले म्हणून अमकीला कॅन्सर होणार, असं त्यातून निघत नाही. हे तू मराठीत, वखारीच्या पायरीवर बसून, न घाबरवता आणि न फसवता कसं सांगणार? माझ्या वेळी आम्ही काहीच सांगितलं नाही. पेशी घेतल्या, बिस्किटाचा पुडा दिला, आलो. ते मला अजून टोचतं. निपाणीत १९८१ साली शरद जोशींबरोबर शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसले, विडीच्या मजुरीसाठी बायकाही उभ्या राहिल्या. भाव मागून झाला, मजुरी मागून झाली. गालात काय चाललंय हे त्यांना सांगायला मात्र कुणी परत गेलं नाही, मी धरून. त्या गटात असे लोक असतात ज्यांनी गावात परत जाऊन निकाल सांगितलेत. त्यांना गाठ, नंबर घे.

सरांचं काय? ते तुझ्या वाईटावर नाहीत. त्यांना त्यांच्या काळी कुणी अशा बैठकीत नेलं नसेल, म्हणून त्यांना वाटतं ती मोठ्यांची. त्यांना परवानगी मागू नकोस, माहिती दे. "सर, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गटात बसून येते. मोजणीच्या फरकाबद्दल विचारायचंय." यावर नको म्हणणारा गाइड मी अजून बघितला नाही. बघितलाच तर पुन्हा लिही, त्याच्यासाठी वेगळं उत्तर आहे. पण मोजणीचा फरक त्यांना आधी सांग, बंगळूरला जाऊन कळायला नको.

दादाला तंबाखूच्याच भाषेत सांग. माल वखारीत नेऊन टाकला आणि भाव फुटायच्या आधी घरी आला, असा शेतकरी बघितलायस काय? खर्चाचं त्याचं म्हणणं मात्र रास्त आहे. आयोजकांना आजच ईमेल करून विद्यार्थ्यांची राहण्याची सोय विचार. बहुतेक ठिकाणी हॉस्टेलची खोली निघते, किंवा दुसऱ्या एखाद्या मुलीबरोबर वाटून घेता येते. तिसऱ्या दिवशी बैठक साडेआठ-नऊला संपेल, रात्रीची गाडी त्याच दिवशीची काढ. निपाणी हायवेवरच आहे, पहाटे उतरशील तेव्हा दादालाच घ्यायला बोलाव.

साडेसातची बैठक म्हणजे सव्वासातला जा. दारापाशी नको बसू, दारापाशी बसलं की पाणी प्यायला जावंसं वाटतं. दुसऱ्या रांगेत, मधे. जाताना अर्धा किलो कुंदा ने, आपल्या बेळगावचा खव्याचा गोड पदार्थ, प्रवासात टिकतो. त्या वेळी नाश्त्याची सोय असतेच असं नाही, आणि कुंद्याचा डबा उघडला की ओळख करून घ्यायला इंग्रजी लागत नाही. डबा मात्र परत आण. आईचा असेल तो.

— अक्का